‘पाऊस कुठं लिहिलाय?’ : शाळेच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, सर्व संचालक आणि मुख्याध्यापिका बाई यांस,

स. न. वि. वि.

पत्रात शाळेचं नाव घातलेलं नाही. भांडण नावाशी नाही. शिवाय अशीच चिठ्ठी कोल्हापुरातल्या आणखी कुठल्या शाळेत पोरांच्या वहीत चिकटली असेल, तर त्या शाळेनंही हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजावं.

चिठ्ठी आली दिवाळीची सुट्टी संपल्यावर. बुधवारचा ग्रंथालयाचा तास आणि शनिवारचा गोष्टीचा तास बंद. त्या जागी ‘स्मरणशक्ती विकास वर्ग’. बाहेरची माणसं येऊन घेणार, फी अठराशे रुपये, दोन हप्त्यांत भरली तरी चालेल. खाली जाड ठशात एक ओळ: ‘एकदा वाचलेलं कायमचं लक्षात!’ पालक सभेत मी हात वर केला आणि विचारलं की लक्षात राहील ते ठीक, पण कळेल का? आपल्यापैकी एकांनी हसून उत्तर दिलं, ‘आजोबा, तुमचा काळ वेगळा होता.’ सभा चहावर संपली.

काळ वेगळा होता हे कबूल. पण चूक तीच होती, आणि ती मीही केलेली आहे, म्हणून लिहितोय.

मी जिल्ह्यातल्या मराठी शाळांत ३१ वर्षं मास्तरकी केली. त्यातली बरीचशी शिष्यवृत्तीच्या जादा तासांत गेली. आपल्याकडं शिष्यवृत्तीच्या निकालाला काय मान आहे ते तुम्हाला सांगायला नको, चौकात फलक लागतात. उतारा सोडवायची माझी एक युक्ती होती. आधी प्रश्न वाचा, त्यातला मोठा शब्द पकडा, तो उताऱ्यात शोधा, ती ओळ उतरवा. मार्क पडायचे. मी खूश, पालक खूश, केंद्रप्रमुख खूश. उतारा मात्र कुणी वाचायचंच नाही. हे ध्यानात यायला मला निवृत्त व्हावं लागलं, आणि आणून दिलं ते नातवानं.

नातू चौथीत आहे, तुमच्याच शाळेत. मिनिटाला शंभरावर शब्द वाचतो. वाचनवेग स्पर्धेचं तुमचं प्रमाणपत्र आमच्या सोप्यात टांगलंय. एका संध्याकाळी मी त्याला वहीच्या पाठीमागं चार ओळी लिहून दिल्या:

‘दामूअण्णांनी दारातच छत्री झटकली आणि कोपऱ्यात उभी केली. फरशीवर ओघळ गेला. परड्यात काकूंची धांदल उडाली होती. निम्म्या शेणी आत आल्या होत्या, निम्म्यांचा चिखल झाला होता.’

त्यानं एका दमात वाचलं. मी विचारलं, बाहेर काय चाललं होतं? गड्यानं बोट ठेवून ओळी परत पाहिल्या. वर, खाली, परत वर. मग म्हणाला, ‘आबा, ते यात दिलेलंच न्हाई.’ पाऊस पडत होता की रे, म्हटल्यावर चिडलाच. ‘पाऊस कुठं लिहिलाय? दाखवा!’

कुठंच लिहिलेला नाही, हे त्याचं बरोबर होतं. तो वाचणाऱ्यानं पाडायचा असतो. छत्री, ओघळ, चिखल झालेल्या शेणी ही तीन टोकं एका वेळी डोक्यात धरायची आणि त्यांना आपल्याजवळची माहिती जोडायची. पोरानं जन्मल्यापासून कोल्हापूरचा पाऊस पाहिलाय, तेव्हा माहिती नव्हती असं नाही. वाचताना ती काढायची असते, हेच त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. शाळेनं नाही, आणि घरात एवढा मास्तर असून मीही नाही.

त्यानंतर मी या विषयावरचं मिळेल ते वाचत गेलो. जे कळलं ते आमच्या स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगतो. डोक्यात एक ओटा असतो आणि एक फडताळ. फडताळ म्हणजे कायमची आठवण. त्यात किती मावतं याचा तळ अजून कुणाला लागलेला नाही. ओटा म्हणजे आत्ता, या क्षणी हाताशी धरलेलं. १९७४ मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी त्याची नीट मांडणी केली. शास्त्रात त्याला कार्यकारी स्मृती म्हणतात. हा ओटा फार लहान. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये साधारण सात गोष्टी मावतात असं म्हटलं होतं, नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो आकडा चारपर्यंत खाली आणला. मोठ्या माणसांचा हा हिशेब. पोराचा ओटा त्याहून लहान.

त्यात आपली मराठी. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ते येईपर्यंत वाचणाऱ्यानं सगळं पसरलेलं तसंच सांभाळायचं. हे वाक्य बघा: ‘गेल्या आठवड्यात चप्पल लाइनीतल्या ज्या दुकानदाराकडून आजोबांनी माझ्यासाठी चप्पल आणली होती, त्याचा थोरला मुलगा आज आमच्या वर्गात आला.’ कोण आला? गल्लीतल्या पाच पोरांना मी विचारलं. दोघं म्हणाली, आजोबा. एक म्हणाला, दुकानदार. वाक्यातला एकेक शब्द सगळ्यांना येत होता. ‘आला’पर्यंत पोचेतो ‘थोरला मुलगा’ ओट्यावरून खाली पडलेला होता.

आता आपली चिठ्ठी घेऊ.

माझी पहिली तक्रार त्या वर्गात जे विकलं जातंय त्याबद्दल आहे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी एका मुलीनं वीस शब्द उलटसुलट म्हणून दाखवले, टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, पोरीनं कष्ट घेतले होते. शब्दांची गोष्ट करायची किंवा घरातल्या खोल्यांत ते एकेक करून मांडायचे, ही युक्ती फार जुनी आहे आणि वाण्याची यादी पाठ करायला उत्तम आहे. पण यादी म्हणता येण्याचा आणि उतारा कळण्याचा संबंध किती? १९८० मध्ये मेरेडिथ डॅनमन आणि पॅट्रिशिया कार्पेंटर यांनी नेमकं हेच तपासलं. एका चाचणीत नुसते शब्द ऐकून म्हणायचे. दुसरीत एकामागून एक वाक्यं मोठ्यानं वाचत जायची आणि शेवटी प्रत्येक वाक्यातला अखेरचा शब्द सांगायचा. दुसऱ्या चाचणीत जे पुढं, ते उताराही चांगला समजून घेत होते. नुसते शब्द म्हणण्याचा आकलनाशी तसा घट्ट संबंध दिसला नाही. कारण उघड आहे. वाचणाऱ्याला ओझं उचलून नुसतं उभं राहायचं नसतं, ते घेऊन चालायचं असतं.

मग ओटाच मोठा करून घेऊ, असं आपल्या पत्रकात दुसऱ्या पानावर आहे: रोज वीस मिनिटं टॅबवर खेळ, आणि ‘मेंदूची क्षमता’ वाढणार. असे सराव जगभर करून झालेत. मोनिका मेल्बी-लेर्वोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ८७ प्रकाशित अभ्यास एकत्र करून पाहिले. जो खेळ खेळला त्यात आणि त्याच्यासारख्या खेळांत पोरं सुधारतात. वाचून समजणं, गणित, एकूण बुद्धी यांवर खात्रीलायक परिणाम दिसत नाही. म्हणजे टॅबवरचा खेळ खेळून टॅबवरचा खेळ येतो. ही माहिती अठराशे रुपये घेण्याआधी पालकांना द्यायला हवी होती, असं मला वाटतं.

दुसरी तक्रार मोठी आहे. आपण जे आणलं त्याहून जे काढून टाकलं, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. ओटा वाढत नसेल तर मग चांगले वाचक काय करतात? ते फडताळातून बांधलेली गाठोडी काढतात. ज्याला विषय ठाऊक आहे त्याच्यासाठी दहा शब्दांचं एकच गाठोडं होतं आणि ओट्यावर जागा उरते.

आमच्या शेजारी एक पोरगा आहे, सातवीत, सकाळ-संध्याकाळ तालमीत असतो. शाळेच्या दप्तरी तो ‘कच्चा’. मी त्याला आणि त्याच्याच वर्गातल्या एका हुशार मुलीला एकच उतारा दिला: ‘सलामी झडताच धाकट्यानं एकेरी पट काढून कब्जा घेतला. थोरल्यानं सुटायची शिकस्त केली, पण घिस्सा डावावर त्याला अस्मान दिसलं.’ मुलीनं न अडखळता वाचलं. काय झालं विचारल्यावर म्हणाली, धाकट्यानं थोरल्याची जागा बळकावली. कब्जा! पोरगा तीन ठिकाणी अडखळला, ‘शिकस्त’ला तर थांबलाच. पण मग उठून त्यानं माझ्या नातवाला सतरंजीवर घेऊन सगळी कुस्ती करून दाखवली, आणि वर सांगितलं की थोरला दमलेला असणार, नाहीतर एवढ्या लवकर घिस्सा बसत नाही. दमलेला कुठंही लिहिलं नव्हतं. त्यानं तो दमवला.

अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या ६४ मुलांवर असाच प्रयोग केला होता. तिथं कुस्तीच्या जागी बेसबॉल. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढं गेली. ते वाचताना मला तालमीतला आमचा पोरगा आठवला, आणि आपल्या दप्तरातला त्याचा शेरा.

ही गाठोडी बांधली जायची कुठं? बुधवारच्या तासाला. कुणी विहिरीवरचं पुस्तक उचलायचं, कुणी ग्रहांवरचं, कुणी नुसतीच भुतांची गोष्ट. गुऱ्हाळाची काहील ज्यानं पाहिलेली नाही त्या शहरी पोराला ती पुस्तकात भेटायची, आणि ज्याचं बालपण चुलवाणापाशी गेलं त्याला पहिल्यांदा कळायचं की आपल्याला माहीत असलेलं पुस्तकातही असतं. ज्या शहरात १८५० साली ग्रंथालय निघालं आणि आज ते करवीर नगर वाचन मंदिर म्हणून उभं आहे, ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथं शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लागलंय आणि त्याच्यापुढं टॅबचं चार्जिंग चाललंय. मी डोळ्यांनी बघून आलो.

तिसरी गोष्ट वेगाची. वेग नको असं मी म्हणत नाही. जोडाक्षर लावतानाच ओटा भरून गेला तर अर्थाला जागा कुठली? फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये याचा साधा गुणाकार मांडला: अक्षरं उकलणं गुणिले भाषा समजणं. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. २०२१ च्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द वाचता यावेत असं आहे, तेही अर्थ समजून. आपण त्यातले ६० घेतले, अर्थ तिथंच ठेवला आणि घड्याळ लावून स्पर्धा सुरू केली. स्वल्पविरामाला थांबणारा पोरगा तुमच्या स्पर्धेत हरतो.

चौथी तक्रार थोडक्यात. आपल्याला कळलेलं नाही, हे कळणं हाच वाचनाचा अर्धा भाग आहे. मी पोरांना दिलेल्या एका उताऱ्यात मुद्दाम घोळ घातला होता. पहिल्या ओळीत ‘रंकाळ्यावर चिटपाखरू नव्हतं’ आणि चौथ्या ओळीत ‘भेळेच्या गाड्यांपुढं उभं राहायला जागा नव्हती’. पाचांपैकी एकीनं भुवया वर केल्या. बाकीच्यांनी ‘छान आहे’ म्हणून वही परत दिली. एलन मार्कमन यांनी १९७९ मध्ये मुलांना असेच विसंगत उतारे दिले होते, तेव्हाही बहुतेकांना विसंगती खटकली नव्हती, म्हणून आपल्याच पोरांना नावं ठेवायचं कारण नाही. पण मार्गदर्शकातली तयार उत्तरं फळ्यावर लिहून द्यायची जी पद्धत आपण यंदा पाचवीपर्यंत खाली आणली, तिच्यात भुवई वर करायला वावच नाही. प्रश्न पडायच्या आत उत्तर हजर.

आणि एक खासगीत सांगावं असं, पण उघडच सांगतो. वर्ग ‘ऐच्छिक’ आहे असं चिठ्ठीत आहे. ज्यांनी फी भरली नाही ती अकरा पोरं त्या तासाला व्हरांड्यात बसतात. त्यांच्या हातात पुस्तकसुद्धा नसतं, कारण कपाटाला कुलूप.

पाठांतराचा मी शत्रू आहे असा समज कुणी करून घेऊ नये. पाढे पाठ हवेतच; सात आठे छप्पन्न मोजत बसणाऱ्याचा ओटा तिथंच भरतो. कविता पाठ हवी, अभंग हवेत, ते फडताळात आयुष्यभर राहतात आणि अवेळी कामाला येतात. मला स्वतःला बापू गुरुजींनी छडी घेऊन पाठ करून घेतलेलं सगळं अजून येतं, छडीसकट. माझं म्हणणं इतकंच आहे की फडताळात ठेवायला काही तरी हवं, आणि ते काढायची सवय हवी.

ती सवय लावायला पैसे पडत नाहीत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवलं की तोच उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढं असतात; आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढं गेलेले असतात. ॲनमेरी पॅलिंक्सर आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ मध्ये उतारा नीट न कळणाऱ्या मुलांना गटात बसवून चार कामं करायला लावली: वाचलेल्यावर प्रश्न काढायचा, थोडक्यात सांगायचं, अडलेलं उलगडायचं, पुढं काय होईल याचा अंदाज करायचा. आधी शिक्षक करून दाखवतो, मग मुलं आळीपाळीनं शिक्षक होतात. मुलं सुधारली. हे सगळं करायला एक सतरंजी आणि गोष्टीचं एक पुस्तक पुरतं.

तेव्हा माझ्या मागण्या अशा.

बुधवारचा आणि शनिवारचा तास पहिल्यासारखा सुरू करा. कपाटाची किल्ली वर्गशिक्षिकेकडं असू द्या.

स्मरणशक्ती वर्ग ज्यांना हवा त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर ठेवा. त्यानं वाचलेलं समजायला मदत होते याचा पुरावा संबंधितांकडून लेखी घ्या आणि सूचनाफलकावर लावा. पुरावा नसेल तर ती जाड ठशातली ओळ पत्रकातून काढा. ज्यांना फी परत हवी त्यांना ती द्या.

वाचनवेगाची स्पर्धा घ्यायचीच असेल तर प्रत्येक मुलाला वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारा, आणि त्यातला निदान एक असा असावा की ज्याचं उत्तर उताऱ्यात लिहिलेलं नाही.

तयार उत्तरं फळ्यावर लिहून द्यायचं थांबवा. पोराचं मोडकंतोडकं वाक्य वहीत राहू द्या. तपासायला वेळ लागतो, माझाही लागायचा.

आणि असा निर्णय पुन्हा घ्याल तेव्हा आपल्या मराठीच्या तिन्ही बाईंना आधी विचारा. त्यांना ही चिठ्ठी आमच्यानंतर मिळाली, असं मी ऐकलं. खोटं असेल तर बरंच.

शिक्षक कमी पडतात, तास बसत नाही, ही अडचण सभेत सांगितली गेली. ती खरी असू शकते. त्यावर माझ्याकडं एक उपाय आहे. बुधवारचा तास मी घेतो. मानधन नको, चहा मिळाला तर चालेल. अकरा पोरं व्हरांड्यात बसलेलीच आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू. येत्या बुधवारी साडेअकराला मी शाळेच्या फाटकापाशी येऊन थांबतो. पुस्तकं माझ्या पिशवीत असतील. फाटक उघडायचं की नाही ते आपण ठरवावं.

आपला,
चौथीतल्या एका पोराचा आबा
शिवाजी पेठ, कोल्हापूर